कुटचा वेढा आणि घरची ओढ

१९१६ साली टायग्रिस नदीकाठच्या एका वेढलेल्या गावात आकाशातून जात्याचा दगड उतरला. कापडी छत्रीला बांधलेला, चांगला दणकट दगड. राइट बंधूंनी पहिलं विमान उडवल्याला तेव्हा जेमतेम बारा-तेरा वर्षं झाली होती. लाकूड, कापड आणि तारांची ती यंत्रं स्वतःचाच भार कशीबशी पेलायची. अशा यंत्राला दळणाचा दगड बांधून शत्रूच्या डोक्यावरून नेण्याची वेळ यावी, याचं कारण साधं होतं. गावात सातू होते, पण हजारो माणसांसाठी ते दळायचे कशाने, हा प्रश्न होता.

त्या गावाचं नाव कुट अल-अमारा. बगदादच्या आग्नेयेला, नदीच्या नालासारख्या वळणात वसलेलं. तिथे अडकलेल्या फौजेचं नाव होतं सहावी पूना डिव्हिजन. पुण्याच्या छावणीचं नाव घेऊन निघालेल्या या डिव्हिजनमध्ये पंजाबी होते, राजपूत होते, गुरखे होते, इंग्रज पलटणी होत्या. आणि १०३वी, ११०वी, ११७वी अशा तीन मराठा पलटणी होत्या. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडची शेतकऱ्यांची पोरं. महिना अकरा रुपये पगारावर भरती झालेली.

कुटबद्दल लष्करी इतिहासकारांनी पुष्कळ लिहिलं आहे: कुठला सेनापती कुठे चुकला, कुठली मदत कुठे अडली. मला मात्र त्या वेढ्यात वेगळंच काही दिसत आलं आहे. छावणीतल्या शिपायाची घरची ओढ आपण मनाची हळवी बाब मानतो. कुटमध्ये ती ओढ पोटात, रक्तात, हिरड्यांत, जखमांच्या व्रणांत उतरलेली दिसते. ती ओढ कशी काम करते, हे तिथे जवळपास मोजता येतं.

वेढा पडला तो असा. पहिलं महायुद्ध चालू होतं, आणि जनरल टाउनशेंड ही डिव्हिजन घेऊन बगदाद घ्यायला निघाले होते. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफॉनला तुर्कांशी मोठी लढाई झाली, माणसं फार पडली आणि फौज मागे फिरली. थकलेली पावलं ३ डिसेंबरला कुटला पोचली आणि ७ डिसेंबरला तुर्कांनी चारी बाजूंनी गळफास आवळला. तो सुटला नाही. जवळपास पाच महिन्यांनी, २९ एप्रिल १९१६ रोजी, फौज शरण गेली.

या वेढ्यातला एक दिवस कसा असेल? पहाटे थंडी हाडांत शिरायची. मेसोपोटेमिया म्हणजे वाळू आणि ऊन असा आपला समज. पण तिथला हिवाळा गोठवणारा असतो, आणि पाऊस पडला की ती बारीक माती बुटांना अशी धरते की पाऊल उचलत नाही. जानेवारीत नदीला पूर आला, खंदक भरले, पुढची फळी सोडावी लागली. आपल्या कोकणातल्या माणसाला पाऊस-चिखल नवा नाही, पण पावसात उबेला चूल असते. इथे सरपणच नव्हतं. नदी हाकेवर, पण पाणी आणायला जाणं म्हणजे जिवाशी खेळ, कारण पलीकडे नेमबाज टपून बसलेले. किती भिस्ती त्या घागरभर पाण्यापायी गेले असतील!

११०वी मराठा पलटण तर मुख्य गावातही नव्हती. नदीच्या उजव्या काठाला लोकरीचे गठ्ठे दाबायच्या कारखान्याभोवती एक छोटी वस्ती होती. तिथे ही पलटण आणि १२०वी पलटण अशा दोघींना ठेवलं होतं. म्हणजे वेढ्याच्या आत आणखी एक वेढा. मागे टायग्रिस, पुढे तुर्क, आणि मधे आपली सातारा-रत्नागिरीची माणसं.

तंबाखू संपली तेव्हा लोकांनी चहाचा चोथा वाळवून ओढला, लिंबाची पानं ओढली, सुंठ ओढली. तंबाखूची तलफ काय असते हे ज्याला माहीत आहे, त्याला यातलं हलाखीचं माप कळेल.

आता त्या गोष्टीकडे येतो जिने मला पहिल्यांदा थक्क केलं.

कुटमध्ये एकाच गावात, एकाच वेढ्यात, एकाच नदीचं पाणी पिणाऱ्या फौजेत दोन वेगळे रोग पसरले. इंग्रज शिपायांना बेरीबेरी झाला. पाय सुजणं, पायांतली ताकद जाणं, हृदय थकणं. भारतीय शिपायांना स्कर्व्ही झाला. हिरड्या सुजून काळ्यानिळ्या होणं, दात हलणं, सांधे दुखणं, कातडीखाली रक्त साकळणं. इंग्रजांत स्कर्व्ही जवळपास नाही, भारतीयांत बेरीबेरी जवळपास नाही. पलटणींच्या मधे जणू कुणी भिंत घातली होती.

ती भिंत ताटाची होती. इंग्रज शिपाई पांढऱ्या मैद्याचा पाव खात होता. मैदा करताना गव्हाचा कोंडा आणि कोंब निघून जातो, आणि ब-१ जीवनसत्त्व नेमकं त्यातच असतं. ते नसलं की शरीराला साखर जाळून शक्ती काढता येत नाही. सगळ्यात आधी नसा आणि हृदय रडायला लागतात. भारतीय शिपाई कोंड्यासकट आटा खात होता, त्यामुळे त्या बाजूने तो सुरक्षित होता. मग फेब्रुवारीत गंमत झाली. गोऱ्यांचा मैदा संपला. नाइलाजाने त्यांनाही आटा आणि सातूच्या पिठाची भाकर खावी लागली. आणि बेरीबेरी ओसरला! रसद संपल्यामुळे रोग बरा झाल्याचं असं उदाहरण वैद्यकाच्या इतिहासात क्वचितच सापडेल. बाहेर लढाईत माणसं मरत होती आणि आत, कुणी योजलं नसताना, आहारशास्त्रातला एक मोठा प्रयोग पार पडत होता. ‘व्हिटॅमिन’ ही कल्पना कासिमिर फुंक यांनी १९१२ मध्ये मांडली होती; ब-१ आणि क ही दोन्ही द्रव्यं हाताला लागायला अजून बरीच वर्षं होती.

दुसरी बाजू स्कर्व्हीची. इंग्रज शिपाई घोड्याचं मांस खात होते. घोडा स्वतःच्या यकृतात क जीवनसत्त्व तयार करतो. बकरी करते, उंदीर करतो, बहुतेक सस्तन प्राणी करतात. माणसाच्या पूर्वजांनी मात्र कोट्यवधी वर्षांपूर्वी हे कसब गमावलं. ते बनवणारं जनुक आपल्या पेशींत अजून आहे, पण मोडकं, निकामी. त्यामुळे आपल्याला क जीवनसत्त्व रोज कुठून तरी मागून आणावं लागतं: फळांतून, पाल्यातून, नाहीतर ज्याला ते बनवता येतं अशा प्राण्याच्या ताज्या मांसातून. आटा, डाळ, तूप, गूळ या शिध्यात ते नावालाही नसतं. भाजी संपली त्या दिवशी भारतीय शिपायाच्या शरीरातलं घड्याळ उलटं चालू झालं. निरोगी माणसाच्या शरीरात क जीवनसत्त्वाचा साठा असतो सुमारे दीड ग्रॅम, म्हणजे चिमूटभर. भर पडली नाही तर तो एक ते तीन महिन्यांत धोक्याच्या रेषेखाली जातो. डिसेंबरात वेढा पडला. मग मार्च-एप्रिलमध्ये काय झालं असेल, हे बोटांवर मोजता येतं.

क जीवनसत्त्व करतं तरी काय? आपलं शरीर ज्या दोरखंडांनी बांधलेलं आहे त्यांना पीळ देतं. हे दोरखंड म्हणजे कोलॅजन नावाचं प्रथिन. तीन धागे एकमेकांत गुंफलेले. गुंफण घट्ट व्हावी म्हणून धाग्यांवर एक रासायनिक टाका घालावा लागतो आणि तो घालणाऱ्या विकरांना क जीवनसत्त्व लागतं. ते नसलं की दोर सैल बनतो. रक्तवाहिन्या पाझरतात, दात जबड्यात राहत नाहीत. आणि सगळ्यात विलक्षण म्हणजे जुन्या जखमा उघडतात. व्रण आपल्याला कायमचा वाटतो, पण तो कायमचा नसतो. शरीर त्याची डागडुजी आयुष्यभर करत असतं. १७४०च्या दशकात इंग्रज नौदलाचे अॅन्सन जगाला वळसा घालत होते. त्यांच्या ताफ्यातल्या एका म्हाताऱ्या खलाशाला १६९०च्या बॉइनच्या लढाईत जखम झाली होती. स्कर्व्ही झाल्यावर पन्नास वर्षांपूर्वीची ती जखम अशी उघडली की जणू कधी भरलीच नव्हती. टेसिफॉनला जखमी झालेले आणि कुटमध्ये स्कर्व्हीने ग्रासलेले शिपाई आठवले की मला तो खलाशी आठवतो.

मग प्रश्न उभा राहतो. समोर घोडे होते. इंग्रज खात होते. आपल्या शिपायांनी का खाल्लं नाही?

नुसतं ‘धर्म आडवा आला’ असं उत्तर देणं म्हणजे त्या माणसांना ओळखण्याआधीच निकालात काढणं. टाउनशेंड यांनी बिनतारी संदेश पाठवून हिंदुस्थानातल्या धर्माधिकाऱ्यांची मतं मागवली. मुसलमान आणि हिंदू, दोन्ही बाजूंनी परवानगी आली: जीव वाचवण्यासाठी चालेल. तरीही आठवड्यामागून आठवडे शिपाई नको म्हणत राहिले. कारण परवानगी देणारा दूर कुठल्या तरी शहरात बसला होता आणि शिपायाला परत जायचं होतं स्वतःच्या गावात. तिथे भावकी होती, पंगत होती, सोयरीक जुळवणारी माणसं होती. याने घोडा खाल्ला, हे एकदा पारावर बोललं गेलं की पोरीला स्थळ कोण आणणार? ही भीती त्या काळच्या अधिकाऱ्यांनीही टिपून ठेवली आहे. आणि पलटणी गावांच्या पट्ट्यांतून भरलेल्या. शेजारच्या खंदकातला माणूस आपल्याच वाडीचा. तिकडे काय घडलं, हे लपणार कसं?

म्हणून मी म्हणतो की ही घरची ओढ होती. घराची आठवण येऊन माणूस रडतो, हे आपल्याला माहीत आहे. पण परतल्यावर घराने आपल्याला घरात घ्यावं, यासाठी माणूस उपाशी राहतो, स्वतःचे दात पडू देतो, हे केवढं विलक्षण आहे! त्या शिपायासाठी घर ही गेल्या दिवसांची आठवण नव्हती. पुढे गाठायची जागा होती, आणि तिथे पोचण्याची पात्रता तो कुटच्या चिखलात बसून राखत होता. यात मला हट्ट दिसत नाही, निष्ठा दिसते. आणि त्याच वेळी जातीच्या बंधनाने किती जीव घेतले असतील याचा संतापही येतो. दोन्ही भावना खऱ्या आहेत; एकीसाठी दुसरी खोडायला मी तयार नाही.

एप्रिलमध्ये, पीठ अगदी तळाला गेलं तेव्हा, अनेकांनी शेवटी घोड्याचं मांस खाल्लं. तोवर शरीरं पार खचली होती. मधल्या काळात शिपाई गवत-पाला खुडून आणायचे आणि पालेभाजीसारखा शिजवायचे. परक्या मुलखातली पानं. त्यात विषारीही निघाली. आपल्याकडची बाई रानात गेली की तांदुळजा कुठला, घोळ कुठली, टाकळा कुठला हे न चुकता ओळखते, कारण तिला तिच्या आईने दाखवलेलं असतं. ही ओळख त्या मुलखात कुचकामी होती. परकेपणा म्हणजे काय, ते अशा एका पानातही कळतं.

इथवर घरच्या ओढीने शरीरावर काय केलं ते पाहिलं. उलटी वाटही आहे, आणि ती जास्त चकित करणारी आहे.

घरच्या आठवणीने माणूस खरोखर आजारी पडतो, हे युरोपातल्या डॉक्टरांनी फार पूर्वी नोंदवलं होतं. १६८८ मध्ये बाझलच्या योहानेस होफर या तरुण वैद्याने त्यावर प्रबंधच लिहिला. पुढे परमुलखात चाकरी करणारे स्विस सैनिक हे या आजाराचं ठरलेलं उदाहरण झालं. नंतर अठराव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिश नौदलाचे डॉक्टर टॉमस ट्रॉटर यांनी एक गोष्ट पकडली. स्कर्व्ही झालेले खलाशी नुसते दुबळे होत नाहीत. त्यांना जमिनीची, हिरवळीची, झऱ्याची, फळांची अनावर ओढ लागते. रात्रभर तीच स्वप्नं पडतात आणि जाग आल्यावर ते रडू लागतात. ट्रॉटर यांनी ही ओढ स्कर्व्हीच्या लक्षणांतच धरली.

आज आपल्याला त्यामागचं थोडंफार रसायन ठाऊक आहे. शरीरातल्या ज्या भागांत क जीवनसत्त्व सर्वांत दाट असतं, त्यांत मेंदू आहे. डोपामिनपासून नॉरअॅड्रिनॅलिन बनवणारं विकर क जीवनसत्त्वाशिवाय चालत नाही. उभारी, लक्ष, जागेपण यांच्याशी जोडलेला हा पदार्थ. १९६०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत आयोवाच्या तुरुंगातल्या स्वयंसेवक कैद्यांना क जीवनसत्त्व नसलेला आहार देऊन पाहिलं गेलं. त्यांच्यात उदासी आणि मरगळ वाढत गेली, आणि ती चाचण्यांत मोजली गेली. म्हणजे कुटच्या खंदकात बसलेल्या त्या शिपायाला मार्चच्या एखाद्या संध्याकाळी अंगणातला आंबा आठवून गलबलून आलं असेल, तर त्या गलबलण्यात त्याच्या मनाचा वाटा होता आणि त्याच्या रक्ताचाही. शरीराला जे हवं होतं, तेच मन मागत होतं. मला हे समजलं तेव्हा हातातलं पुस्तक बाजूला ठेवून बराच वेळ बसावं लागलं.

भुकेचंही तसंच. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी ३६ तरुण स्वयंसेवकांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. ती शिकलेली, निरोगी, स्वतःहून आलेली माणसं. काही आठवड्यांत त्यांचं बोलणं, वाचणं, स्वप्नं, सगळं अन्नाभोवती फिरू लागलं. काहींनी पाककृतींची पुस्तकं गोळा केली. घास घोळवत, ताट चाटूनपुसून खाऊ लागले. आणि हे कुठल्याही गोळीबाराशिवाय, उबदार खोलीत, सुटकेची तारीख ठाऊक असताना.

कुटमध्ये तारीख ठाऊक नव्हती. जानेवारीत गावातल्या घरांची झडती घेतल्यावर धान्याचा मोठा साठा सापडला. त्याआधी टाउनशेंड यांनी रसद थोडेच दिवस पुरेल असं कळवलं होतं, त्यामुळे सोडवायला निघालेली फौज पुरती तयार नसतानाच घाईने पुढे ढकलली गेली. शेख साद, वादी, हन्ना, दुजैला, सन्नायात अशा एकामागून एक लढायांत वेढ्यात होती त्यापेक्षा जास्त माणसं मेली किंवा जखमी झाली. टाउनशेंड यांच्याविषयी माझं मत चांगलं नाही, ते या घाईमुळेही.

सोडवायला आलेल्या या फौजेत काही पलटणी थेट फ्रान्सच्या खंदकांतून आणलेल्या होत्या, आणि फ्रान्समधल्या भारतीय शिपायाच्या मनात डोकावायला आपल्याकडे एक अद्भुत खिडकी आहे: पत्रं. मार्च १९१५ पर्यंत ही माणसं आठवड्याला दहा ते वीस हजार पत्रं घरी धाडत होती. बहुतेकांना लिहिता येत नव्हतं. शिपाई सांगायचा, लिहिता येणारा सोबती लिहायचा, पलटणीतला साहेब तपासायचा, मग बुलोन्यच्या तपासनिसांपुढे जायचं, आणि गावी पोचल्यावर मास्तर किंवा पोस्टमन ते ओसरीवर मोठ्याने वाचायचा. नवऱ्याने बायकोला लिहिलेलं एक पत्र निदान चार-पाच परक्यांच्या नजरेखालून जायचं. मग मनातलं सांगायचं कसं? शिपायांनी आडवाटा काढल्या. काळी मिरी संपत आली, आता लाल मिरची येते आहे, असं लिहायचे. काळी म्हणजे आपली माणसं, लाल म्हणजे गोरी. तपासनिसांना ते कळायचं. त्यांनी अहवालांसाठी या पत्रांचे उतारे इंग्रजीत उतरवून ठेवले, म्हणूनच ती आज वाचता येतात. पाळत ठेवणाऱ्याच्या दप्तरात शिपायाचा आवाज टिकून राहिला.

कुटमधल्या शिपायाला एवढंही नव्हतं. विमानाने कधीमधी थैली टाकली तर टाकली. घरी पत्र नाही आणि घरून पत्र नाही. एप्रिलमध्ये विमानांतून अन्न टाकायला सुरुवात झाली. वेढलेल्या फौजेला हवेतून पोसायचा हा जगातला पहिला मोठा प्रयत्न मानतात. दिवसाला सव्वादोन टन हवे होते, आणि पंधरवड्यात सगळं मिळून सात-आठ टन आत पडलं. काही पोती नदीत गेली, काही तुर्कांच्या हाती. २४ एप्रिलच्या रात्री जुल्नार नावाची आगबोट २७० टन रसद घेऊन अंधारात नदीतून निघाली आणि तुर्कांनी पाण्यात आडव्या ताणलेल्या दोरांत अडकली. पीठ माणशी सव्वाशे ग्रॅमच्या आत आलं होतं. पाच दिवसांनी सगळं संपलं.

शरण गेलेले सुमारे तेरा हजार. त्यांना आधी दिली ती दगडासारखी कडक तुर्की बिस्किटं. उपाशी आतड्यांना ती सोसली नाहीत. पहिल्या काही दिवसांतच माणसं पोट धरून मेली. मग वाळवंटातून चाल: समारा, मोसुल, नुसैबिन, रास अल-ऐन. तिथे बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपलं गेलं. हजारो परतले नाहीत. टाउनशेंड त्या वेळी इस्तंबूलजवळच्या बेटावर पाहुण्यासारखे राहिले.

या चालीची एक नोंद बंगालीत आहे. शिशिर सर्वाधिकारी हा बंगाल अॅम्ब्युलन्स कोअरमधला तरुण कैदेत पडला, आणि त्याने डायरीची पानं फाडून बुटात लपवली, जपली. त्यातून १९५०च्या दशकाच्या अखेरीस ‘अभि ले बगदाद’ हे पुस्तक झालं. आर्मेनियन लोकांवर काय गुजरलं, तेही त्याने पाहिलं आणि लिहिलं. त्याच मोहिमेतले डॉक्टर कल्याणकुमार मुखर्जी रास अल-ऐनला कैदेत वारले. त्यांची पत्रं घरी होती. त्यांच्या आजी मोक्षदादेवी यांनी वयाच्या ऐंशीच्या घरात नातवाचं चरित्र लिहिलं, त्यात ती पत्रं घातली, आणि १९२८ मध्ये ते छापलं. मराठा पलटणीतल्या शिपायाचं असं पुस्तक मला ठाऊक नाही, आणि ही उणीव मला बोचते. साताऱ्याजवळच्या मिलिटरी अपशिंग्यासारख्या गावांत स्मारकं आहेत. पण तिकडे बसऱ्याच्या स्मारकावर साध्या भारतीय शिपायांची नावं कोरलीच नाहीत. पलटणीपुढे फक्त आकडा होता. नावं वेगळ्या नोंदवहीत.

पण कुटच्या हिरड्यांतून एक शहाणपण निघालंच.

स्कर्व्ही फक्त कुटपुरता नव्हता. १९१६ मध्ये मेसोपोटेमियातले हजारो भारतीय शिपाई त्याने आजारी पडले. ताजी फळं-भाजी त्या उन्हात टिकत नव्हती. बाटल्यांतून धाडलेल्या लाइमच्या रसात क जीवनसत्त्व फारसं उरलेलंच नव्हतं. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि मार्गारेट ह्यूम या दोघी कामाला लागल्या. त्यांचे साथीदार होते गिनीपिग, कारण माणसासारखंच याही प्राण्याला क जीवनसत्त्व बनवता येत नाही. वाळवंटात न नासता पोचेल आणि स्कर्व्ही रोखेल असं काय आहे, हा त्यांच्यापुढचा प्रश्न. नॉर्वेतल्या फ्युर्स्ट यांनी १९१२ मध्ये एक धागा दाखवून दिला होता. चिक आणि ह्यूम यांनी तो पुढे नेला आणि १९१७ मध्ये उत्तर छापलं: मोड आलेलं कडधान्य.

कोरड्या मटकीत क जीवनसत्त्व जवळपास नसतं. ती भिजली, जागी झाली, तिने इवलासा मोड बाहेर काढला, की दोन दिवसांत ते बी स्वतःच ते जीवनसत्त्व बनवू लागतं. कोरडं कडधान्य महिनोन्‌महिने टिकतं, पोत्यातून जगाच्या टोकाला जातं, आणि पाणी मिळालं की ताजी भाजी होतं. चिक यांची शिफारस अशी: चोवीस तास भिजवा, मग ओल्या कापडात किंवा गोणपाटात दोनेक दिवस मोड येऊ द्या, आणि फार शिजवू नका, कारण उष्णतेने गुण जातो.

कुटच्या मराठा शिपायाच्या आईने, आजीने हे आयुष्यभर केलं होतं. रात्री मटकी भिजत घालायची, सकाळी उपसून फडक्यात बांधून ठेवायची, हुलग्यांना, वालांना मोड आणायचे. प्रयोगशाळेने जे शोधलं ते त्याच्या चुलीपाशी रोज शिजत होतं. मग पलटणीत ते का जमलं नाही? कारण सरकारी शिध्यात डाळ होती. डाळ म्हणजे भरडून दोन फाकी झालेलं कडधान्य. त्यातला कोंब भरडतानाच तुटलेला असतो. डाळीला कितीही भिजवा, मोड येत नाही. चिक आणि ह्यूम यांनी म्हणूनच बजावलं होतं की शिपायाला द्यायचं कडधान्य अख्खं हवं, सालासकट, न भरडलेलं.